एकशे सतरा नंबरचा ठिपका

एकशे सतरा नंबरचा ठिपका थांबला तेव्हा मी चहाचा कप नुकताच तोंडाला लावला होता. चहा संपला तरी तो थांबलेलाच. तसं यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पडद्यावर तीनशे ठिपके होते आणि ठिपका म्हणजे शेवटी माणूस. तो तंबाखू मळायला थांबतो, आडोशाला जातो, सासुरवाडीचं कोणी भेटलं तर अर्धा तास एका जागी रोवल्यासारखा उभा राहतो. दोन दिवसांच्या तालमीत मी हे सगळं नुसत्या चालीवरून ओळखायला शिकले होते. कोण कामाचा, कोण कामचुकार, कोण दर दहा मिनिटांनी बायांच्या बाजूच्या पाण्याच्या टाकीकडे का जातो, तेही. पण एकशे सतरा नंबर ओळखायला मला तालीम लागत नव्हती. तो माझा बाप होता. रंगराव, वय त्र्याहत्तर, राहणार उंद्री, हृदयात एक स्प्रिंग.

उंद्रीच्या माळावरच्या संस्थानाचा महाप्रसाद बाहेरच्या माणसाला नुसता सांगून पटत नाही. तूर काढून मोकळ्या झालेल्या शेतांत तीस-चाळीस हजार माणूस एकाच वेळी ओळी धरून भुईवर बसतं. दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यातून ट्रॅक्टर चालतो, ट्रॉलीत पुऱ्या आणि वांग्याची भाजी, आणि दोन्ही अंगांनी टोपल्या-बादल्या घेतलेले सेवेकरी चालत चालत वाढत जातात. शेवटच्या पत्रावळीवर पुरी पडेपर्यंत पहिला माणूस घास उचलत नाही. गेल्या वर्षी फाटकापाशी रेटारेटी झाली, दोन बाया बेशुद्ध पडल्या, एका म्हाताऱ्याचा हात मोडला. म्हणून या वर्षी आमच्या बुलढाण्याच्या कंपनीला बोलावणं आलं. अकरा वर्षं आम्ही दुधाचे टँकर आणि शाळेच्या बसगाड्या कुठे आहेत ते सांगत आलो होतो, आता माणसं. प्रत्येक सेवेकऱ्याच्या गळ्यात काळ्या पट्ट्याला अडकवलेला काड्यापेटीएवढा टॅग, आणि तो कुठे आहे ते दर पाच सेकंदांनी माझ्या पडद्यावर. पंचवीसच्या वर ठिपके एका जागी दाटले की तो तुकडा लाल होतो. एखादा ठिपका दोन मिनिटं जरासुद्धा हलला नाही की हिरव्याचा राखाडी होतो, म्हणजे माणूस पडला असेल, जाऊन पाहा. शाळेची एक खोली आम्हाला दिली होती. पहिलीच्या पोरांची बाकं, भिंतीवर अ ते ज्ञ, आणि मधोमध आमचा पडदा. माझ्या शेजारी हरिओम, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि हुद्द्यानं वरचा. मागे खुर्चीत बंदोबस्ताचे फौजदार उत्तमराव, समोर लाउडस्पीकरचा माईक.

बाबा पंचेचाळीस वर्षं वाढतायत. पुरीची टोपली त्यांची, भाजीची बादली त्यांनी कधी घेतली नाही, का ते विचारलं तर म्हणायचे, "पुरी देतानी मान्साच्या तोंडाकडं पाहता येते, भाजी देतानी पत्रावयीकडं पाहा लागते." अकोल्याला डॉक्टरांनी ती स्प्रिंग बसवल्यावर शेखरनं, माझ्या भावानं, पुण्याहून फोनवर फर्मान काढलं की यंदा सेवा बंद. बाबा चार दिवस अंगणात बसून राहिले, आणि जेवायला हाक मारली की ताटावर येऊन बसायचे, जेवायचे, उठायचे. ते जेवण मला बघवेना. मग मी दोन शब्द दिले, एक इकडे आणि एक तिकडे, आणि दोन्ही खरे मानून दिले. शेखरला म्हटलं, मी दिवसभर त्यांचा ठिपका बघत बसते, जरा काही वाटलं तर लगेच बाहेर काढते. बाबांना म्हटलं, तुम्ही टॅग घाला, मी पाहीन, पण बोलावणार नाही. कधी थांबायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. बाबांनी टॅग हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, "यातून माह्या मनातलं त नाई ना दिसत?" मी नाही म्हटलं. "मंग चाल्ते."

तर तो ठिपका थांबला होता, स्वयंपाकाच्या मांडवाशेजारच्या लिंबाखाली. मी आकडे पाहिले. एक मिनिट दहा. आपण स्वतःला फार शहाणे समजतो, पण बापाचा ठिपका थांबला की शहाणपण कुठल्या कुठे जातं. मला त्या क्षणी काय आठवावं तर खामगावची बस. मी चिखलीला कॉलेजात होते, रोज उंद्रीहून येऊन-जाऊन. त्या वेळी असले टॅग नव्हते, पण बाबांना ते लागतही नव्हते. स्टँडवरचा पानवाला, बसचा कंडक्टर, गिरणीवरची पंचफुला, कॉलेजच्या फाटकातला शिपाई, सगळा रस्ता त्यांचाच. मी कोणत्या बसनं गेले, खिडकीशी बसले की नाही, छत्री कुठे विसरले, सगळं माझ्याआधी घरी पोचायचं. मला त्याचा भयंकर राग यायचा. एकदा चिडून मी मैत्रिणींबरोबर कॉलेज बुडवलं आणि खामगावला कचोरी खायला निघाले. खामगावची बस उंद्रीवरूनच जाते, हे शहाणीच्या लक्षात बसमध्ये आलं. स्टँड आला तशी मी सीटच्या खाली वाकले, तोंडावर ओढणी घेतली, आणि ओढणीच्या फटीतून पाहिलं तर बाबा स्टँडवर उभे. त्यांनी बसकडे पाहिलं. मग वळून पानवाल्याशी बोलायला लागले. संध्याकाळी मी उतरले तेव्हा ते तिथेच होते. सायकलला माझी पिशवी अडकवताना म्हणाले, "जेवली असशीन." एवढंच. मला कित्येक वर्षं वाटत राहिलं की त्यांनी मला पाहिलंच नाही. मला स्वतःला पोरगी झाल्यावर समजलं की पाहूनही हाक न मारणं हे केवढं कठीण काम आहे.

दोन मिनिटं झाली. एकशे सतरा राखाडी झाला.

मी उठले की बसले ते आठवत नाही. लिंबाकडे दुसरा एक ठिपका सरकला आणि एकशे सतराला चिकटून थांबला. मग तिसरा. मग चार-पाच एकदम, निरनिराळ्या बाजूंनी. यातून दुसरा काय अर्थ निघणार? माणूस पडलाय आणि लोक धावतायत. पडलेल्या माणसाभोवती असेच जमतात, एक पाणी आणतो, एक टोपीनं वारा घालतो, बाकीचे नुसते बघतात. बाबांना कडेला निजवलं असेल. त्यांची चप्पल कोणी काढली असेल का, डावा हात कसा पडला असेल, ते मला शोधत असतील का, हे मी पडद्यावर बघत होते, आणि पडद्यावर तर नुसते ठिपके होते. मनात शेखर बोलत होता: तुझ्या भरवशावर सोडलं होतं. मी वॉकीटॉकीवर सेवेकऱ्यांच्या प्रमुखाला, गोविंदाला, हाक मारली. खरखर. पुन्हा मारली. खरखर. बाबांचा फोन तर सेवेच्या दिवशी घरी कोनाड्यात असतो.

"मॅडम, लाल झालं," हरिओम म्हणाला. लिंबाखाली आता बत्तीस ठिपके होते आणि अजून येत होते. "हे चेंगराचेंगरीचं लक्षण आहे. मांडवापाशी आत घुसून राह्यले लोक. साहेब, नियमानं तीन मिनिटं लाल राह्यलं की ट्रॅक्टर थांबवून सूचना द्यायची."

फौजदार साहेब माईककडे सरकले. सूचनेचा कागद मीच टाईप केला होता: सर्वांनी शांतपणे जागेवरून उठून मोकळ्या बाजूला जावे. पुण्या-मुंबईच्या कार्यक्रमांचे नमुने पाहून लिहिला होता. शांतपणे म्हणे. तीस हजार बसलेली माणसं एकदम उठली, त्यात बाया, लेकरं, गुडघे धरून उठणारी म्हातारी, मधून ट्रॅक्टर, आणि लिंबाशी माझा बाप. मी परत पडद्याकडे पाहिलं. बत्तीसचे एक्केचाळीस झाले होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसरा ठिपका राखाडी झाला. मग तिसरा. मग जे ज्या क्रमानं आले होते ते त्याच क्रमानं, दोन-दोन मिनिटं भरली तसे, एकेक राखाडी होत गेले. बघणारा माणूस मान वळवतो, पाय बदलतो, पुढच्याच्या खांद्यावरून डोकावतो. एक्केचाळीस माणसं पडलेल्या माणसाभोवती जमून दगडासारखी कशी उभी राहतील? आणि एक्केचाळीस जणांना एकाच झाडाखाली एकामागून एक हृदयविकार कसा येईल?

लिंब. मांडवाशेजारचा लिंब. मी लहानपणी त्याच लिंबाखाली खेळायचे आणि वर बघायचे. महाप्रसादाच्या दिवशी त्याच्या प्रत्येक फांदीला कमरेचे पट्टे लटकलेले असायचे, काळे, तपकिरी, सोनेरी बक्कलवाले. पाकिटं, घड्याळाचे पट्टे. अन्नाला चामडं लागू नये म्हणून नैवेद्य झाला की सेवेकरी अंगावरचं चामड्याचं सगळं लिंबाला देतात आणि मगच टोपलीला हात लावतात. तालमीत हे कोणी केलं नाही, कारण तालमीत अन्नच नव्हतं. आणि टॅगचे पट्टे मी निवडले होते. बुलढाण्यात बसून, कॅटलॉग बघून, मजबूत म्हणून. काळं रेक्झिन, दिसायला चामडं, वासाला चामडं. वॉकीटॉकीची कव्हरंसुद्धा त्याचीच. या गावात जन्मलेली मी, आणि बाहेरून आलेल्या हरिओमला जे माहीत नसणं साहजिक होतं ते मीच विसरले होते.

"साहेब, माईक नका लावू," मी म्हटलं. माझा हात फौजदारांच्या मनगटावर होता हे मला नंतर कळलं. "ती माणसं नाहीत. ते नुसते टॅग आहेत, झाडाला टांगलेले. मी उंद्रीचीच आहे. मला पाच मिनिटं द्या, मी बघून येते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "आणि नसतील तर?"

"तर माझं चुकलं."

"पाच मिनिटं," ते म्हणाले, आणि खिडकीतून एका शिपायाला माझ्या मागे धाडलं.

मी धावले. चप्पल दारातच राहिली. तीनशे पावलं असतील, पण त्यात मी एकेकदा ठाम होते आणि एकेकदा नव्हते. ठाम असताना स्वतःला शिव्या देत होते, ठाम नसताना नुसतं बाबा, बाबा. लिंब दिसला. त्याला पट्टे लटकले होते आणि पट्ट्यांच्या मधून आमचे टॅग, एकेकात हिरवा दिवा लुकलुकत. खाली बाजेवर कोकिळाबाई राखणीला बसली होती, आणि तिच्या डोक्यावरच्या फांदीला गोविंदाचा वॉकीटॉकी हरिओमच्या हाकांनी खरखरत होता.

"कवाचं बोलून राह्यलं ते," ती म्हणाली. "म्या हात नाई लावला. चामड्याचं आहे ना व ते."

"बाबा कुठं आहेत?"

"रंगरावभाऊ? सगळ्यांत पह्यले त्यायनंच काढून ठेवलं. मंग बाकीचे. चवथ्या पट्ट्यात असतीन."

चौथ्या पट्ट्यात ते होते. ट्रॉलीच्या डाव्या अंगाला, खांद्यावर उपरणं, कमरेशी टोपली, आणि समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघत पुरी देत होते. मला इतका आनंद झाला की पहिल्यांदा रागच आला. मी पट्ट्यातून पळत निघाले. त्यांनी मला पाहिलं आणि टोपली न थांबवता म्हणाले, "पंगतीत पयू नोको. हळू ये." मी चालायला लागले. जवळ गेल्यावर मी नुसती धापा टाकत होते. मागे उभ्या शिपायानं सगळं सांगितलं, तेही अर्धवट. बाबांनी टोपली ट्रॉलीवर ठेवली. माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"तुले काय वाटलं, म्या मेलो?"

"हो."

"चामडं गयात घालून कसं वाढाव, माय?"

"चामडं नाही ते. रेक्झिन आहे, प्लास्टिकच समजा."

"वास तं चामड्याचाच येते." त्यांनी थोडा विचार केला. मग माझ्याबरोबर लिंबापर्यंत आले, आपला टॅग काढला, पट्टा सोडवून फांदीला परत अडकवला आणि नुसती काड्यापेटी सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली. "आता ठीक. तुले दिसलं पायजे नं? दिसू दे." बाकीच्यांना हाक मारली, आणि बघता बघता सगळे टॅग पट्टे सोडून खिशांत गेले, वॉकीटॉकीही कव्हरं उतरवून हातांत आले. माणसांना समजावून सांगायला आम्हाला अर्धा दिवस लागला असता. ते काम बाबांच्या एका हाकेनं झालं.

खोलीत परतले तेव्हा पडदा हिरवागार होता. फौजदारांनी पाण्याची बाटली पुढे केली. हरिओम वहीत लिहीत होता, पुढच्या वेळी सुती नाडी. मी म्हटलं, लिही, आणि त्यापुढे लिही की चूक माझी. तो म्हणाला, "राहू द्या मॅडम, मलाही इचारता आलं असतं." पोरगा चांगला आहे. अहवालात मात्र मी माझं नाव लिहिणार होते.

आणि मग मी बघत बसले. आता ठिपका म्हणजे खरोखर बाबा होते. ओळ संपली की ते थांबत. मी परतल्यावर पहिल्या ओळीच्या टोकाला दहा सेकंद. दुसऱ्या ओळीच्या टोकाला पंधरा. मला वाटलं, टोपली भरून घेत असतील. पण बाकीचे ठिपके टोपली भरून पुढे जात होते आणि हा मागे राहून मग भरभर त्यांना गाठत होता. पाचवीला अर्धं मिनिट. श्वास गोळा करत होते. त्यांना माहीत होतं की मला दिसतंय. घरी जिना चढताना मधेच थांबायची वेळ आली की ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागतात. इथे कॅलेंडर नव्हतं, नुसतं थांबणं होतं, आणि ते त्यांनी मला उघडं दाखवलं होतं. शेखरचा फोन आला. "कसे आहेत?" मी म्हटलं, "वाढतायत." "नक्की?" "नक्की." त्यात खोटं काही नव्हतं. वॉकीटॉकी समोर होता. बटण दाबून म्हणायचं, बाबांना पाठवा. एवढंच. सातवीला पाऊण मिनिट. एक शब्द मोडायचा की दुसरा? वाईट झालं तर जन्मभर स्वतःला काय सांगणार होते, की मी शब्दाची पक्की होते म्हणून? मी ठरवलं, एक मिनिट झालं तर बोलवेन. आठव्या ओळीला छपन्न सेकंद. मी बटणावर अंगठा ठेवला आणि काढला.

नवव्या ओळीला ठिपका लागलाच नाही. तो पट्ट्यातून बाहेर पडला.

"मॅडम, एकशे सतरा झोन सोडून चालला," हरिओम म्हणाला.

"येऊ दे."

"इकडंच येऊन राह्यला."

तो अगदी हळू येत होता. लिंबापाशी थांबला नाही. हौदापाशी थांबला. माझ्या खोलीच्या जागेवर माझा स्वतःचा ठिपका होता, नंबर तीन. एकशे सतरा फाटकातून आत आला, शाळेच्या पटांगणात आला, आणि माझ्या ठिपक्यावर येऊन बसला. तेव्हा मी मान वळवली.

बाबा पहिलीच्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीपर्यंत वर. तोंडावर घाम, पण रंग ठीक होता. फौजदारांनी दवाखान्याच्या गाडीची माणसं बोलावली, त्यांनी नाडी पाहिली, पट्टा गुंडाळून दाब पाहिला, म्हणाले, दमलेत, बाकी काही नाही, आज आता बसून राहा. मी ग्लास दिला. ते घोट घोट पाणी प्याले.

"बोलावलं नाईस," ते म्हणाले.

"नाही."

"पाहून त राह्यली होती?"

"पहिल्या ओळीपासून."

त्यांनी बाहेर पाहिलं. नवव्या ओळीशेजारून त्यांच्याशिवाय ट्रॅक्टर चालला होता. "पाचवीपासून वाट पाहत होतो," ते म्हणाले. "वाटलं, आता बोलावशीन, मंग बोलावशीन. म्हंजे गोविंदाले, सगळ्यायले सांगता आलं असतं, का पोरीनं थांबोलं म्हनून. नाई त म्या काई थांबनार नव्हतो. तू बोलावलंच नाई. माह्या हातानंच टोपली खाली ठेवा लागली."

मी शब्द पाळत बसले होते, आणि त्यांना मी तो मोडलेला हवा होता. पंचेचाळीस वर्षांची टोपली आपल्या हातानं जमिनीवर ठेवणं त्यांच्यावर येऊन पडलं, तेही चालू पंगतीत, गोविंदाच्या देखत, मी इथे सेकंद मोजत असताना. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. बाक दोघांना पुरत नव्हतं. मग वॉकीटॉकी उचलला.

"सगळ्या पट्ट्यांना कळवते. एकशे सतरा नंबरला मी बोलावून घेतलं आहे. ते यायला तयार नव्हते, तीनदा माणूस धाडला तेव्हा आले. गोविंदाच्या ट्रॅक्टरवर पुरीला दुसरा माणूस द्या."

हरिओमनं चमकून माझ्याकडे पाहिलं आणि मग पडद्याकडे तोंड केलं. थोडा वेळ खरखर झाली. मग गोविंदाचा आवाज आला, मागे ट्रॅक्टरची धडधड.

"काऊन बोलावलं व ताई? आमच्यापरीस तेज चालून राह्यले होते बाबा. म्हनूनच कोनाले न सांगता निंगाले काय? पोरीचा हुकूम म्हना."

बाबांनी ग्लास खाली ठेवला. माझ्या हातातल्या वॉकीटॉकीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं. मग घसा साफ करून, समोरच्या ओळीतल्या माणसाशी बोलावं तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "मंग काय करता, बापू. पोरगी आयकतच नाई."

ते सगळ्यांना नीट ऐकू जावं म्हणून मी बटण दाबूनच धरलं होतं.